सोंगटी पटातच: फिरत्या ठोकळ्यांची वाघ-बकरी कशी घडवावी

मातीवर काडीने पट आखला, चिंचोके आणि खडे गोळा केले की वाघ-बकरी सुरू होते. तोच खेळ बसमध्ये, अंगणवाडीत किंवा दवाखान्याच्या बाकावर मांडायचा म्हटलं की अडचणी दिसू लागतात. सोंगट्या सीटखाली पडतात, हरवतात, लहान पोरांच्या तोंडात जातात. यावर उपाय म्हणजे सोंगट्या पटातच बसवलेला खेळ. खेळ पुरा होईपर्यंत आणि झाल्यावरही त्याचा एकही भाग सुटा होत नाही.

नवखा माणूस इथे पहिली चूक करतो ती ही, की तो नेहमीचा पट घेतो आणि त्याच सोंगट्यांना दोऱ्या बांधतो, नाहीतर खाचेत अडकवतो. दोन सोंगट्यांनी एकमेकींना ओलांडलं की दोऱ्यांचा गुंता होतो. खाचेतली सोंगटी पुढचीला ओलांडू शकत नाही. म्हणून सुरुवात सोंगटीपासून करू नका, घरापासून करा. पटावरच्या प्रत्येक घराला सळईवर ओवलेला स्वतःचा एक फिरणारा ठोकळा द्या आणि त्या घरात काय आहे ते ठोकळ्याच्या वरच्या बाजूवर दिसू द्या. वाघ एका घरातून दुसऱ्या घरात गेला, म्हणजे पहिला ठोकळा फिरून रिकामा झाला आणि दुसरा फिरून वाघ झाला. सोंगटी कुठेच गेली नाही, दोन घरांनी रूप बदललं.

कोणते खेळ या पद्धतीत बसतात

कागद घ्या आणि एका घराची किती रूपं होऊ शकतात ते मोजा. वाघ-बकरीत तीन: रिकामं, बकरी, वाघ. नवकंकरीतही (दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्यांचा खेळ) तीनच: रिकामं, माझी, तुझी. चौकोनी ठोकळ्याला चार बाजू असतात, त्यामुळे हे दोन्ही खेळ सहज बसतात. बुद्धिबळात एका घराची तेरा रूपं होतात (दोन रंगांचे सहा-सहा मोहरे आणि रिकामं), ते ठोकळ्यावर मावत नाही. सारीपाटात एका घरात एकाच रंगाच्या दोन-तीन सोंगट्या एकत्र बसतात, तोही सोडून द्या. कन्नड मुलखातल्या अळगुळी मणेच्या वाट्यांत बियांची संख्या सारखी बदलते. तिथे ठोकळा नाही, आकड्यांची तबकडी लागेल, आणि मग हाताने बिया पेरण्याची सगळी मजाच जाते.

पहिल्या कामाला वाघ-बकरी घ्या. आमच्या बेळगाव भागात शेजारच्या कन्नड घरात याच जातीच्या खेळाला आडु-हुली म्हणतात. पट त्रिकोणीही असतो आणि चौकोनीही. इथे आपण पाच बाय पाचचा, २५ घरांचा चौकोनी पट घेतो, कारण तो सरळ सळयांवर बसतो. नियम थोडक्यात: चार कोपऱ्यांत चार वाघ. बकरीवाला एका वेळी एक अशा २० बकऱ्या रिकाम्या घरांत उतरवतो, आणि सगळ्या उतरेपर्यंत एकही बकरी हलवत नाही. वाघ शेजारच्या रिकाम्या घरात जातो किंवा सरळ रेषेत लगतच्या बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात उतरतो आणि बकरी खातो. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या.

चार बाजूंचा क्रम

या पटाचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून सावकाश वाचा. ठोकळ्याला चार बाजू आणि रूपं तीन. उरलेल्या चौथ्या बाजूवर काहीतरी जादा घालावं असा मोह होतो, ‘कोंडलेला वाघ’ वगैरे. तसं करू नका. आता कोणतं रूप कोणत्या रूपात बदलतं ते पाहा. रिकाम्याचं बकरी होतं, रिकाम्याचं वाघ होतं, बकरीचं रिकामं होतं, वाघाचंही रिकामं होतं. बकरीचं थेट वाघ मात्र कधीच होत नाही, कारण वाघ बकरीवरून उडी मारतो, तिच्या घरात बसत नाही. म्हणून बाजूंचा क्रम ठेवा: रिकामी, बकरी, रिकामी, वाघ. दोन रिकाम्या बाजू समोरासमोर. असं केलं की खेळातला प्रत्येक बदल पाव फेऱ्यात होतो. अर्धा फेरा कधीच लागत नाही आणि फिरवताना मध्येच भलतं चिन्ह वर येत नाही.

एक अडचण तरीही राहते. रिकाम्या बाजूवरून एकीकडे फिरवलं तर बकरी येते, दुसरीकडे फिरवलं तर वाघ. समोरासमोर बसलेल्या दोघांना ‘आपल्याकडे’ आणि ‘पलीकडे’ उलटं दिसतं, त्यामुळे तोंडी सूचना उपयोगी पडत नाही. उपाय असा: रिकाम्या बाजूच्या ज्या कडेपलीकडे बकरी आहे ती कड पांढरी रंगवा, जिच्यापलीकडे वाघ आहे ती पिवळी. पांढऱ्या कडेवर बोट टेकून ती वर उचलल्यासारखी आत ढकलली की तिच्या मागून बकरी वर येते. हे सहा-सात वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही.

तिरक्या वाटांचंही ठरवायला हवं. पाच बाय पाचच्या पटात प्रत्येक घरातून तिरकं जाता येत नाही, एकाआड एक घरातूनच येतं. ठोकळ्यांवर रेघा काढत बसण्याऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखे गडद आणि फिके ठोकळे आलटून-पालटून बसवा. कोपऱ्यांत गडद. एकूण गडद १३, फिके १२. नियम एका वाक्यात बसतो: तिरकी चाल फक्त गडदवरून गडदवर.

हिशोबाचे मणी

सुटी सोंगटी एकाच वेळी दोन घरांत असू शकत नाही. फिरत्या ठोकळ्याचं तसं नसतं. नवं घर फिरवलं आणि जुनं फिरवायचं राहिलं तर पटावर पाच वाघ होतात, आणि चार चाली झाल्यावर खरा कोणता ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिला नियम: आधी जुनं घर रिकामं, मग नवं भरायचं. आणि दुसरं, पटातच हिशोब ठेवायचा. वरच्या बाजूला दोन तारा लावा. एकीवर २० मणी, उतरायच्या बकऱ्यांचे. दुसरीवर ५ मणी, खाल्लेल्यांचे. बकरी उतरली की पहिल्या तारेवरचा एक मणी उजवीकडे, बकरी खाल्ली की दुसऱ्या तारेवरचा एक. शंका आली की मोजायचं: पहिल्या तारेवर उजवीकडे गेलेले मणी वजा दुसऱ्या तारेवरचे खाल्लेले मणी, तेवढ्याच बकऱ्या पटावर हव्यात. वाघ नेहमी चार. चूक नेमकी कुठल्या चालीत झाली ते यातून कळत नाही, पण ती झाल्याचं लगेच कळतं.

लाकडाला हात लावण्याआधी

२५ रिकाम्या काडेपेट्या घ्या. काडेपेटीच्या दोन रुंद बाजू समोरासमोर असतात, दोन अरुंद बाजूही समोरासमोर, म्हणजे आपल्याला हवा तोच क्रम. एका रुंद बाजूवर बकरी चिकटवा, दुसरीवर वाघ. पेटी कडेवर उभी असली तर घर रिकामं, एका अंगावर पडली तर बकरी, दुसऱ्या अंगावर पडली तर वाघ. टेबलावर पाच रांगा मांडून निदान दहा डाव खेळा. मणी म्हणून चिंचोके चालतील. उडीच्या चालीत हाताला चार कामं असतात (वाघाचं जुनं घर, बकरीचं घर, वाघाचं नवं घर, मणी) आणि घाईत त्यातलं नेमकं कोणतं विसरतं ते इथेच कळतं. बहुतेकदा मणीच राहतो. म्हणून मणी सरकल्याशिवाय समोरच्याने खेळायचं नाही, असा नियम करून टाका.

सामान

लाकूड: ३० × ३० मिमीची रंधलेली पट्टी, दीड मीटर. २५ ठोकळ्यांना १०५० मिमी लागतं, बाकी करवतीच्या जाडीला आणि चार-पाच जादा ठोकळ्यांना. शिवण उत्तम, हलकं असतं आणि कमी वाकतं. सागही चालतो, पण पट जड होतो. चौकटीला २० मिमी जाड, ४५ मिमी रुंद पट्टी, सव्वा मीटर. तळाला ४ मिमी प्लायवूड, २६२ × ३२० मिमी.

सळई: ६ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई), २५२ मिमीचे पाच तुकडे. बांधकामाची सळी घेऊ नका, तिच्यावरच्या नक्षीने भोक खरवडतं. बेळगावात उद्यमबागेकडे लेथवाल्यांकडे अशा बारचे तुकडे मिळतात आणि ते तिथेच टोकं गोल करून देतात.

ओ-रिंग (रबरी गोल कडी): आतला व्यास ६ मिमी, जाडी १ मिमी, ५० नग आणि सहा जादा. बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम मोठं असल्यामुळे हा बारीक माल तिथे शोधावा लागत नाही. निपाणी-चिकोडीकडे बेअरिंगच्या दुकानात विचारा.

वायसर: ६ मिमी बोल्टचे साधे, जाडी १.६ मिमी, ३० नग.

मणी: ८ मिमीचे २५, आणि सायकलच्या चाकाच्या दोन तारा. ८ मिमीचे २० मणी १६० मिमी जागा घेतात. चौकटीची आतली रुंदी २२२ मिमी, म्हणजे सरकायला ६२ मिमी उरतात. दहा मिमीचे मणी घेतले तर फट २२ मिमीचीच राहते, आणि डावे-उजवे मणी वेगळे दिसत नाहीत.

ठोकळे

पट्टीतून ४२ मिमी लांबीचे ठोकळे कापा. लाकडाच्या रेषा ठोकळ्याच्या लांबीत, म्हणजे सळईच्या दिशेने राहतात. हे मुद्दाम आहे. लाकूड पावसाळ्यात रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळपास फुगत नाही. त्यामुळे रांगेची लांबी तेवढीच राहते, ठोकळा फक्त जाडीला थोडा फुगतो आणि त्याला जागा असते.

टोकावर दोन्ही कर्ण आखून मध्य काढा आणि टोच्याने खूण करा. भोक स्टँड-ड्रिलवरच पाडा. टोकाकडून भोक पाडताना बिट लाकडाच्या रेषांबरोबर वाहतं, हातात धरलेलं ड्रिल ४२ मिमीत सहज दोन मिमी भरकटतं. ड्रिलच्या टेबलावर दोन पट्ट्या काटकोनात ठोकून कोपरा करा, म्हणजे प्रत्येक ठोकळा त्याच जागी बसेल.

क्रम असा: आधी ७.८ मिमीचं बिट घेऊन ३ मिमी खोल खळगा. मग ६.३ किंवा ६.५ चं बिट आरपार. मोठ्या बिटाने केलेल्या निमुळत्या तळात लहान बिट आपोआप मध्यावर बसतं. मग ठोकळा उलटा करून दुसऱ्या टोकाला ७.८ चा ३ मिमी खळगा. ओ-रिंग बाहेरून ८ मिमी असते. ७.८ च्या खळग्यात ती किंचित दबते आणि सळईला धरून ठेवते. या दाबानेच ठोकळा फिरवल्यावर जिथल्या तिथे थांबतो. आधी एका वाया ठोकळ्यावर पाहा: सळईवर चढवून ठोकळा तिरका ठेवला तर तो तसाच राहायला हवा, आणि एका बोटाने फिरायला हवा. फार सैल असला तर खळगा ७.५ चा करा, फार घट्ट असला तर ८ चा.

सगळ्या कडा पॉलिश पेपरने सुमारे दोन मिमी गोल करा. धारदार कडेवरचा रंग पहिल्या महिन्यात उडतो.

चौकट

बाजूच्या दोन पट्ट्या ३२० मिमी, वरची-खालची २२२ मिमी. ३० मिमीच्या ठोकळ्याचा कर्ण ४२.४ मिमी असतो, म्हणून दोन सळयांत ४५ मिमी अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर वरचा-खालचा ठोकळा एकदम फिरवताना कोपरे एकमेकांत अडकतात. खालच्या पट्टीच्या आतल्या कडेपासून सळयांचे मध्य: २४, ६९, ११४, १५९, २०४ मिमी. मण्यांच्या तारा २४२ आणि २६२ वर. आतली उंची २८०. बाजूच्या पट्टीवर हे मोजताना खालच्या पट्टीची २० मिमी जाडी धरायला विसरू नका.

सळईचं भोक चौकटीच्या वरच्या कडेपासून २० मिमी खाली. मग ठोकळ्याचा माथा चौकटीपेक्षा ५ मिमी खाली राहतो आणि बोट पोचतं. तळाशी प्लायवूडपर्यंत पावणेचार मिमी मोकळं राहतं.

दोन्ही बाजूच्या पट्ट्या एकावर एक ठेवून क्लॅम्प करा आणि भोकं एकदमच पाडा. वेगवेगळी आखून पाडली तर सळई तिरकी बसते, आणि तिरक्या सळईवरचे पाचही ठोकळे तिरके दिसतात. ६ मिमीच्या बिटाला ३२ मिमीवर चिकटपट्टी लावा: वरची पट्टी आरपार, खालची फक्त १२ मिमी खोल. तारांना २ मिमीच्या बिटाने तसंच. मग सांधे गुण्या लावून गोंदाने आणि स्क्रूने पक्के करा. प्लायवूड अगदी शेवटी, आणि फक्त स्क्रूने.

रंग आणि खुणा

चौकट जोडण्याआधीच ठोकळे रंगवून घ्या. नुसत्या रंगावर विसंबू नका. कंदिलाच्या उजेडात पांढरा आणि पिवळा सारखेच दिसतात, आणि अंध मुलांनाही हा पट खेळता यायला हवा. वाघाच्या बाजूवर करवतीने दोन मिमी खोल तीन समांतर चरे पाडा, ते पट्टे. बकरीच्या बाजूवर मध्यभागी गोल माथ्याचा एक पितळी खिळा, आखूड, भोकापर्यंत न पोचणारा. मध्यापासून बाजू १५ मिमी आणि भोक साधारण ३ मिमी, म्हणजे १० मिमीचा खिळा निर्धास्त. रिकामी बाजू सपाट. बोट फिरवलं की कळतं. अक्षरं लिहू नका. या भागात एकाच गल्लीत मराठी शाळेतली आणि कन्नड शाळेतली पोरं एकत्र खेळतात, चिन्ह दोघांनाही वाचता येतं.

घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तशी नोंद बघूनच रंग घ्या, जुना पडून राहिलेला डबा वापरू नका. ठोकळ्यांच्या टोकांना आणि भोकात रंग नको, तो चिकटतो. टोकांना मेणबत्ती घासा.

जोडणी

प्रत्येक ठोकळ्याच्या दोन्ही खळग्यांत ओ-रिंग बसवा. सळईला साबणाचं पाणी लावा. तेल लावू नका, काही जातीचं रबर तेलाने फुगतं आणि ठोकळे जाम होतात. सळई आरपार भोकातून घाला आणि वायसर, ठोकळा, वायसर, ठोकळा असं ओवत जा. पाच ठोकळे (२१० मिमी) आणि सहा वायसर (९.६ मिमी) मिळून २१९.६ होतात. २२२ च्या जागेत अडीच मिमी सैल राहते, तेवढी हवीच. पहिली रांग गडदपासून, दुसरी फिक्यापासून.

सळई स्वतः फिरता कामा नये. फिरली तर एका ठोकळ्याबरोबर रांगेतले पाचही फिरतात. आरपार भोकाकडच्या टोकाला कानशीने एक मिमी चपटं करा, चपटी बाजू वर ठेवा आणि चौकटीच्या वरच्या कडेतून पाऊण इंची स्क्रू त्यावर टेकेपर्यंत आवळा. आधी २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते. सळई गोंदाने चिकटवू नका. ओ-रिंग कधीतरी बदलावीच लागते.

बिघाड आणि कारणं

एक ठोकळा फिरवला की शेजारचा हलतो: मध्ये वायसर राहून गेला आहे किंवा खळगा उथळ असल्यामुळे दोन ओ-रिंग वायसरवर दाबल्या जातायत. खळगा खोल करा. वायसरऐवजी सायकलच्या ट्यूबचे रबरी तुकडे घालण्याची युक्ती काही जण सुचवतात, तीत हमखास हेच होतं. पकड सळईवर हवी, शेजाऱ्यावर नको.

ठोकळा सोडला की एकच बाजू खाली जाते: भोक मध्यावर नाही, जड अंग खाली ओढतंय. थोडंच असेल तर घट्ट ओ-रिंगने भागतं, दीड-दोन मिमी असेल तर ठोकळा बदला. जादा ठोकळे त्यासाठीच.

पावसाळ्यात घट्ट, उन्हाळ्यात सैल: अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत मे महिन्यात नेमका बसवलेला पट जुलैत पश्चिमेच्या पावसाळी कणकुंबी-जांबोटीकडे नेला तर ठोकळे घट्ट फिरतात. पश्चिमेकडे वापरायचा पट असेल तर आरपार भोक ६.५ चंच ठेवा आणि कापलेले ठोकळे वापराच्या गावी पंधरा दिवस उघडे ठेवून मगच भोक पाडा.

पट विकायचा असेल तर एक कायदा माहीत हवा. खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० नुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, तेव्हा नोंदणी आधी करून घ्या.

दुसरा पट करायचा झाल्यास नवकंकरीचा करा. २४ घरं, सात सळया. रांगांत ठोकळे ३, ३, ३, ६, ३, ३, ३. रिकाम्या जागी ४२ मिमी लांबीच्या प्लॅस्टिक नळीचे २५ तुकडे, म्हणजे प्रत्येक सळईवर सात वस्तू होतात. चौकटीची आतली रुंदी ३०९ मिमी. जिथे पटाची आडवी रेघ आहे तिथल्या नळ्या काळ्या, जिथे नाही तिथल्या पांढऱ्या. उभ्या रेघा तळाच्या प्लायवूडवर रंगवा, त्या रांगांमधल्या फटीतून दिसतात. मणी दोन तारांवर नऊ-नऊ.